ओली घोंगडी आणि सोळा जीबी

आमच्या घरात लॅपटॉप येण्याआधी त्याची चर्चा आली आणि दिवाळीची अख्खी सुट्टी मुक्कामाला राहिली. मी तेव्हा सिव्हिल इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होते. कॉलेज पुण्याच्या अलीकडं, तिथंच हॉस्टेल, आणि सुट्टी लागली की पिशवी घेऊन केडगावला. स्टेशनापासून आत, शेताच्या बांधाला लागून आमची वस्ती होती. दोन खोल्या पत्र्याच्या, एक नवी स्लॅबची, आणि अंगणाच्या कडेला मेंढरांची वाघर, म्हणजे दोरीच्या जाळीचं कुंपण. माझे आजोबा, आबा, उमेदीत होते तोवर आमचं घर एका जागी नव्हतंच. ते मेंढरांबरोबर चालायचं. पुढं विहिरीला पाणी लागलं, आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शेवंती लावली आणि घर थांबलं. आबांनी मात्र अकरा मेंढरं ठेवली होती. कशाला, असं विचारलं तर म्हणायचे, सकाळी उठून कुणावर तरी ओरडायला लागतं.

त्या सुट्टीतल्या सकाळी मला अजून आवाजांनी आठवतात. आधी वाघरीतली कुरकुर, मग चुलीत तुरकाट्या तडतडायच्या, मग लांब रुळांवरून एखादी गाडी जायची आणि पत्रा बारीक थरथरायचा. शेवंती दवातच तोडायची असते. बाह्या कोपरापर्यंत भिजायच्या आणि बोटांना कडवट वास चिकटायचा, तो दुपारपर्यंत भाकरीलासुद्धा लागायचा. क्रेट भरून आप्पा टेम्पोत घालून यवतच्या बाजूला निघून गेले की आम्ही बाकीचे चुलीपुढं बसायचो. मेंढीच्या दुधाचा चहा असायचा. ज्यांनी तो प्यायला नाही त्यांना तो कसा लागतो हे मला कधी नीट सांगता आलेलं नाही. दाट असतो, थोडा खारट असतो, आणि पहिल्या घोटाला माणूस तोंड वाकडं करतो. त्यात आई दिवाळीच्या शंकरपाळ्या बुडवायची आणि मग रोजचा विषय निघायचा: लॅपटॉपला मेमरी किती घ्यायची.

हा प्रश्न मीच घरी आणला होता. हॉस्टेलमध्ये माझ्या वरच्या मजल्यावर स्नेहलताई राहायची, तिसऱ्या वर्षाला होती. तिनं मला समजावलं होतं की आपण जे साठवतो त्याची जागा वेगळी, आणि काम करताना यंत्र एका वेळी जेवढं समोर मांडून बसतं त्याची जागा वेगळी. मेमरी म्हणतात ती ही दुसरी. ती कमी पडली की बाकी यंत्र कितीही चांगलं असो, ते अडतं. हे मी घरी जसंच्या तसं सांगितलं, आणि ज्यानं त्यानं ते आपापल्या कामाला लावलं. आई म्हणाली, म्हणजे पिठाचा डबा वेगळा आणि पीठ मळायची काटवट वेगळी, मग त्यात न कळण्यासारखं काय आहे, काटवट लहान असली की पीठ बाहेर उडतंच. आप्पा म्हणाले, टाकी केवढी आणि पाइप किती इंची हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आता इतक्या वर्षांनी मी नव्या मुलांना हेच शिकवते तेव्हा फळ्यावर चौकोन काढते, बाण काढते, आणि दरवेळी वाटतं की काटवट काढली असती तर दोन मिनिटांत उरकलं असतं.

आबांनी मात्र दोन दिवस मला बारीकसारीक विचारलं. हे यंत्र किती वर्षं चालतं, एका वेळी त्यावर किती कामं घालतात, काम जास्त झालं की ते मरतं की नुसतं हळू होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी निकाल दिला, की मग ही घोडीच आहे. मेंढरांबरोबर फिरणाऱ्या घरांत घोडी असायची आणि सगळा संसार तिच्या पाठीवर असायचा: तंबूचं कापड, भांडी, कोंबड्यांची पाटी, चालता न येणारी कोकरं आणि वरती एखादं लहान मूल. घोडी घ्यायची तर दात बघून घेत नसत. अख्खं बिऱ्हाड आणून तिच्यावर लादत, चार चढ चालवत, आणि मग सौदा. आबांचं त्यातही एक जास्तीचं होतं. ते घोंगड्या विहिरीत बुडवून ओल्या करायला लावायचे.

"कोरडं बिऱ्हाड कुठलीबी घोडी नेती," ते म्हणाले. "घोंगडी भिजली का तिचं वझं तिप्पट हुतंय. आन् पाऊस काय आपल्याला इचारून येतोय व्हय? ओलं लादून बघायचं."

तेव्हा ठरलं. शिरूरला लॅपटॉपचं दुकान होतं, तिथं जायचं आणि माझं बिऱ्हाड लादून बघायचं. मी वहीत यादी करायची, कॉलेजात ह्या यंत्रावर काय काय चालवावं लागेल त्याची. आप्पांनी पैशांचं एका वाक्यात मिटवलं. म्हणाले, फुलांनी यंदा बरं दिलंय, त्यातलं तू काही बघायचं नाही, तुला काय लागतं तेवढं नीट सांग. त्यांना वाटलं, त्यांनी माझ्यावरचा भार काढून घेतला. खरं तर त्यांनी माझं एकुलतं एक निमित्त काढून घेतलं होतं.

कारण मला काय लागतं हे मला पक्कं माहीत होतं. स्नेहलताईच्या प्रोजेक्टमध्ये ड्रोननं भीमेच्या काठाचे दोनशे फोटो काढले होते, आणि ते एकमेकांना जोडून त्यांतून नकाशा उभा करायचा होता, उंचसखल दाखवणारा. मी एकदा लॅबमध्ये तिच्या मागं उभी राहून ते बघितलं होतं. आधी पडद्यावर नुसते ठिपके येतात, पिठासारखे, आणि मग त्या ठिपक्यांचा काठ होतो, झाड होतं, पायवाट होते. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की सिव्हिल घेतलं ते बरं झालं. ताईनं मला विचारलं नाही, सरळ सांगितलं, की हे करायचं असेल तर सोळा जीबी घे, आठवर रडशील. आणि एक पेन ड्राइव्ह दिला, त्यात ते सॉफ्टवेअर आणि ते दोनशे फोटो. घेताना हे त्यावर चालवून बघ, म्हणाली.

पण सुट्टीच्या आधी गणिताची चाचणी झाली होती आणि मला तीसपैकी सहा पडले होते. हे मी घरी सांगितलं नव्हतं. आमच्या घरात बारावीच्या पुढं गेलेलं कुणी नाही, त्यामुळं सहा म्हणजे किती वाईट, हे विचारायलाही कुणी नव्हतं. मी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं की आपलं काही हे पहिलं वर्ष निघत नाही. अशा वेळी सोळा जीबीचं यंत्र मागायचं म्हणजे मी तिसऱ्या वर्षापर्यंत तिथं असणार असं सगळ्यांसमोर कबूल करायचं. आणि नापास होऊन परत आले तर ते यंत्र घरात राहणार, येणारा-जाणारा विचारणार. आठचं असलं तर म्हणता येईल, शिकायला घेतलं होतं, घरात उपयोगी पडतं. म्हणून मी यादी केली ती पहिल्या वर्षापुरती: टायपिंग, इंटरनेट, पुस्तकांच्या फाइली, प्रोग्रॅमिंगचे छोटे धडे, व्हिडिओवर लेक्चर. अक्षर चांगलं काढलं होतं. वरती आबांच्या सांगण्यावरून "बिऱ्हाड" असं लिहिलं होतं, खाली रेघ ओढून. पेन ड्राइव्ह पिशवीच्या लहान कप्प्यात टाकला. तो घरी का ठेवला नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

आप्पांना फुलांची तोड होती, म्हणून मी, आई आणि आबा निघालो. आबांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं आणि आईनं भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि वांग्याची सुकी भाजी फडक्यात बांधून घेतली होती. शिरूरला दुकान पहिल्या मजल्यावर होतं. दुकानदार तिशीचा, गोल चेहऱ्याचा, बोलायला हौशी. सगळे मला सचिनदादा म्हणतात, असं त्यानंच सांगितलं. त्यानं मला मॅडम म्हटलं, तेव्हा आईनं मागं वळून बघितलं की कोण आलंय. त्यानं एक काळा लॅपटॉप पुढं ठेवला आणि सांगितलं की कॉलेजची सगळी मुलं हेच नेतात, आठ जीबी आहे, भरपूर झालं. आबांनी यंत्राला हात लावला नाही. खुर्ची ओढून बसले आणि सांगितलं, की आमच्यात लादून बघायची पद्धत आहे, पोरीनं बिऱ्हाड लिहून आणलंय, तेवढं यावर घाला.

सचिनदादा आधी हसला. मग त्याच्या ध्यानात आलं की म्हातारा खरंच बोलतोय. तो म्हणाला, आबा, हे काय बैल आहे का, याची कागदावर सगळी माहिती असते. आबा म्हणाले, घोडीचीबी सांगणाराच सांगायचा. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं आणि आई पायरीपाशी चवड्यावर बसून फडकं सोडायच्या बेतात होती, आमचं काम झाल्याशिवाय आम्ही हलत नाही हे तिच्या बसण्यावरूनच कळत होतं. तेव्हा त्यानं यंत्र चालू करून माझ्याकडं सरकवलं.

मी यादीतलं एकेक उघडत गेले. टायपिंग उघडलं, दहा-बारा पानं इंटरनेटची उघडली, पुस्तकं उघडली, एका बाजूला व्हिडिओ लावला, दुसरीकडं प्रोग्रॅम लिहिला. यंत्र जराही अडलं नाही. सचिनदादा प्रत्येक वेळी आबांकडं बघून हात पुढं करायचा, जादूगार करतो तसा. वर त्यानं सांगितलं की आत मेमरीची आणखी एक जागा रिकामी आहे, पुढं कधी लागली तर आठची दुसरी पट्टी टाकता येते. मी ते वाक्य पकडलं. म्हणाले, मग आत्ता आठच घेऊ, लागेल तेव्हा नंतर टाकू. खरं सांगायचं तर यात चुकीचं काही नव्हतं. आज माझ्या हाताखालची मुलं विचारतात तेव्हा मीसुद्धा तेच सांगते, जागा रिकामी असली तर घाई करू नका. पण मी ते वाक्य मेमरीबद्दल बोलत नव्हते.

आबा पडद्याकडं नाही, माझ्याकडं बघत होते.

"चालतंय झ्याक," ते म्हणाले. "पर ह्यातलं ओलं कंचं हाय?"

मी म्हटलं, ओलं काही नाही आबा, एवढंच असतंय आमच्याकडं.

"घोडीला घाम न्हाई आला," आबा दुकानदाराला म्हणाले. "हे वझं बाजारात दावायचं हाय. म्या येकदा केलं व्हतं आसं. घोडी मनात भरली व्हती, देखणी व्हती, म्हून हलकं लादलं आन् घेतली. कोकणात उतरताना घाटात पावसात बसली ती खाली. उठंना. माझ्या आईनं दोन कोकरं पदरात आन् येक पोर खांद्यावर घिऊन घाट उतरला. वरीसभर बोलली न्हाई माझ्याशी."

सचिनदादाला ही गोष्ट फारच आवडली, त्यानं पुढं काय झालं विचारलं. आबा म्हणाले, पुढं काय, घोडी विकली आणि मला बायको शोधली, दोन्ही आईनंच. आई मात्र हसली नाही. ती माझ्या पिशवीकडं बघत होती.

"मघापसनं त्या कप्प्यावर हात ठिवून बसलीया," ती म्हणाली. "काय हाय गं त्यात?"

मी पेन ड्राइव्ह काढला आणि काउंटरवर ठेवला. म्हणाले, यात आहे ओलं. तिसऱ्या वर्षाचं काम आहे, नकाशाचं. आणि मग एकदा तोंड उघडलं म्हणून बाकीचंही बाहेर पडलं.

"मला गणितात सहा पडल्यात. तीसपैकी. पहिलंच वरीस निघंल का न्हाई म्हाईत न्हाई, आन् तिसऱ्याचं वझं कशाला लादायचं?"

सचिनदादा मला धीर द्यायला म्हणाला, मॅडम, त्यात काय एवढं, पहिल्या चाचणीत मला चार होते. आईनं आशेनं विचारलं, मग पुढं? तो म्हणाला, पुढं मी कॉलेज सोडलं आणि हे दुकान टाकलं. आईनं त्याच्याकडं अशी नजर टाकली की तो कपाटातल्या चार्जरच्या वायरी नीट करायला लागला.

"आन् दिवाळीभर हे पोटात घिऊन बसलीस?" आई मला म्हणाली. "तरीच करंजीला हात लावीना. म्या म्हणते सारण बिघडलं का काय. शेजारणीला चार वेळा चाखाया दिलं."

मला हसू यायला लागलं आणि डोळेही भरले. दोन्ही एकदम होतं तेव्हा चेहरा कसा दिसत असेल कोण जाणे. आबांनी ते सगळं होऊ दिलं. मग खुर्ची काउंटरजवळ ओढली.

"हे बघ अर्चे, तू पास हुशील का नापास, त्यातलं मला काय कळत न्हाई. सहा म्हंजी किती, त्येबी कळत न्हाई. म्या येवढंच इचारतो, तुला ते नकाशाचं करायचंय का? करायचं आसंल तर लाद. नसंल तर ही आठवाली चांगली हाय, घिऊन घरी जाऊ. कुणी काय म्हणणार न्हाई."

मला वाटलं होतं, ते म्हणतील, होशील तू पास, घाबरू नकोस. सगळे तेच म्हणतात, आणि ते ऐकून माझी भीती कधी कमी झाली नव्हती. हा प्रश्न वेगळा होता. याचं उत्तर मला येत होतं.

"करायचंय," मी म्हणाले.

"मंग लाद."

सॉफ्टवेअर चढवायला बराच वेळ गेला. सचिनदादालाही आता हुरूप आला होता, त्यानं खालून चहा मागवला. मी दोनशे फोटो निवडले आणि जोडायला सांगितलं. पडद्यावर एक पट्टी सरकू लागली. यंत्राच्या आतला पंखा घोंघावायला लागला, तेव्हा आबांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान दिसलं. आला घाम, म्हणाले. पट्टी पावपर्यंत गेली आणि थांबली. माउस हलेना. मग पडदा पांढरा पडला आणि मधोमध ते गोल कडं नुसतं फिरत राहिलं. सचिनदादानं दोन-चार बटणं दाबली, मग एकच बटण बराच वेळ दाबून धरलं.

"बसली," आबा म्हणाले.

आई म्हणाली, मग उठवा की तिला.

सचिनदादानं लॅपटॉप उलटा केला, पाठीचे बारीक स्क्रू काढले आणि झाकण उचललं. आम्ही तिघंही वाकलो. आत एक हिरवी पट्टी बसलेली होती, बोटाएवढ्या लांबीची, आणि तिच्या शेजारी तशीच एक मोकळी खाच. त्यानं डबीतून दुसरी पट्टी काढली. आबांनी ती तळहातावर मागून घेतली, वजन केल्यासारखा हात वरखाली केला आणि विचारलं, एवढ्यानं होणार? सचिनदादा म्हणाला, आबा, एवढ्यानंच होतं. मग त्यानं ती मला दिली आणि कुठं, कशी तिरकी धरून बसवायची ते दाखवलं. माझी बोटं शेवंतीनं पिवळट पडलेली होती, मला उगाच वाटलं की यंत्राला डाग पडेल. मी दाबलं. जोर लावायला लागला, माझ्या अंदाजापेक्षा जास्त, आणि मग ती टक् करून बसली.

पुन्हा तेच दोनशे फोटो. पडद्यावरची पट्टी सरकू लागली, पंखा घोंघावू लागला. पाव झालं. ती पुढं गेली. मग आईनं फडकं सोडलं. आम्ही काउंटरवरच भाकरी मांडली आणि सचिनदादालाही बसवलं. तो नको नको म्हणत चटणीला दोनदा हात घालून मोकळा झाला. आई त्याला म्हणाली, कॉलेज सोडलंस ते सोडलंस, जेवण तरी वेळेवर करत जा. तो म्हणाला, काकू, माझ्या आईला तुमचा नंबर देतो. कुठलंसं गिऱ्हाईक आलं, तर ह्यानं त्याला सांगितलं, थांबा, इथं नकाशा चाललाय.

तो नकाशा उमटायला जवळपास पाऊण तास लागला. आधी ठिपके आले. मग करडा पट्टा, हिरवे पुंजके, मधून पाण्याचा काळसर तुकडा. मी आबांना सांगितलं की ही भीमा आहे, पारगावच्या खालच्या अंगाची, आणि आपण वरून बघतोय, घारीला दिसतं तसं. आबांनी चष्मा पुसला. बराच वेळ त्यांना काही लागेना, कारण ज्या जागेवरून माणूस आयुष्यभर चालला ती त्यानं वरून कशाला बघितलेली असणार. मग त्यांनी बोट पुढं केलं आणि पडद्याला न लावता, हवेतच धरून, पांढऱ्या रेतीचा एक निमुळता पट्टा दाखवला. इथून आम्ही मेंढरं पाण्यात घालायचो, म्हणाले. उजव्या हाताला खडक असंल बघ, तिथं पाय सटकायचा. मी चित्र मोठं केलं, जरा फिरवलं. खडक होता. त्याची सावलीसुद्धा पडलेली होती.

स्नेहलताईनं त्या काठावर महिनाभर काम केलं होतं आणि तो खडक तिच्या दृष्टीनं नुसता एक उंचवटा होता. सुट्टीनंतर मी तिला सांगितलं तेव्हा तिनं तिथं खूण केली आणि खाली लिहिलं, "मेंढरांचा उतार". सरांनी विचारलं, हे नाव कुठल्या नोंदीत आहे. ती म्हणाली, केडगावच्या. त्या गणिताचं म्हणाल तर, ते मला पहिल्या खेपेला सुटलं नाही. दुसऱ्या खेपेला सुटलं, तेही काठावर. हे मी आता कुणालाही सांगते. नव्या मुलांना तर मुद्दाम सांगते. ती ऐकतात आणि मग जरा वेळानं त्यांतलं एखादं आपले मार्क सांगतं.

परतीच्या एसटीत गर्दी नव्हती. आबांनी खोका वरच्या फळीवर ठेवू दिला नाही, मांडीवर घेऊन बसले आणि खड्डा आला की तो दोन्ही हातांनी उचलून धरायचे. न्हावऱ्याच्या पुढं ऊस सुरू झाला आणि गाडीत गार वारा यायला लागला. आई खिडकीशी होती. तिनं बाहेर बघतच विचारलं की तिसऱ्या वर्षाला नकाशा असतो हे कळलं, मग चौथ्याला काय असतं?

अभ्यासक्रमाची फाइल माझ्या मोबाइलमध्ये प्रवेश घेतल्या दिवसापासून होती, पण मी पहिल्या वर्षाच्या पानांपुढं कधी गेले नव्हते. माझं तिथं काय काम, असं वाटायचं. आता मी ती उघडली आणि बोटानं सरकवत गेले. पहिलं वर्ष गेलं, दुसरं गेलं, तिसऱ्यात नकाशाचा विषय दिसला, तिथंही थांबले नाही. चौथं वर्ष अगदी शेवटी होतं. मी एकेक विषय मराठीत करून मोठ्यानं वाचायला लागले: पाटबंधारे, पूल, भूकंपात टिकणारी बांधकामं. एकदोन नावं मलाच कळली नाहीत, ती इंग्रजीतच वाचली. पुढच्या सीटवरचा माणूस मान वळवून ऐकायला लागला. शेवटी लिहिलं होतं की वर्षाच्या अखेरीला प्रत्येकानं आपलं काम सगळ्यांपुढं मांडून दाखवायचं.

"घरच्या मान्सांला येऊ देत्यात का बघाया?" आबांनी विचारलं.

मी म्हटलं, देतात.

"मंग म्या येणार."

"या," मी म्हणाले. त्या शब्दाच्या पुढंमागं, पास झाले तर, असं मी काही जोडलं नाही.